दोन तारखांच्या मधले आम्ही
महाराष्ट्रातल्या पोटविकारतज्ज्ञांना एक खुले पत्र

प्रति,
राज्यातले सर्व पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर,
आणि ज्यांच्या टेबलावरून आरोग्याच्या फायली पुढे सरकतात ते सार्वजनिक आरोग्य विभागाचे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी तीनचा सुमार, दुकानात गर्दी नव्हती. पस्तिशीच्या एक बाई काउंटरपाशी आल्या आणि पर्समधून चार घड्यांचा कागद काढून समोर ठेवला. घड्यांवर तो इतका विरला होता की उलगडताना मलाच भीती वाटली. "ह्यातली फक्त ही गोळी द्या, बाकीच्या नकोत." बोट प्रेडनिसोलोनवर, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळीवर होतं. चिठ्ठीवरची तारीख दहा महिन्यांपूर्वीची. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गाल फुगलेले, मान भरलेली, ओठांवर लव. हा चेहरा मी ओळखतो. एकेकाळी सबंध वर्षभर तो मी रोज आरशात बघितलेला आहे.

"डॉक्टरांना विचारलंत का?" म्हटलं.

"तारीख दोन महिन्यांनी आहे. मधे रक्त दिसायला लागलं की चार दिवस ह्या घेते, थांबतं."

मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. डी. फार्म. झालेला आहे. आणि तेरा-चौदा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिसचा पेशंट आहे. त्यामुळे काउंटरच्या आतलं आणि बाहेरचं, दोन्हीकडचं थोडंफार कळतं. हे पत्र त्या बाईंमुळे लिहितोय, आणि थोडं माझ्या स्वतःच्या अपराधापोटीही. कारण अशी विरलेली चिठ्ठी बघून मी पूर्वी गोळ्या दिलेल्या आहेत. शेड्यूल एचचं औषध आहे, ताज्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, हे पाठ असूनही. समोरचा माणूस पोट धरून उभा असतो, शहर साडेचार तासांवर असतं, आणि नाही म्हटलं तर तो पलीकडच्या दुकानात जातो. ही सबब झाली, समर्थन नव्हे.

पत्र उघडं आहे, इतरही वाचतील, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. या आजाराला डॉक्टर आयबीडी म्हणतात, म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह. त्यात मुख्यतः दोन दुखणी येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 साली त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. संसर्गजन्य नाही, तिखट खाल्ल्यानं होत नाही, आणि टेन्शननं पोट बिघडतं त्या आयबीएस नावाच्या दुखण्याशी याची गल्लत करू नये, जी सगळे करतात. मराठीत याला धड नाव नाही. कुणी संग्रहणी म्हणतं, कुणी रक्ती आव, कुणी नुसतंच 'पोटाचं'. नाव नसलेलं दुखणं सांगताना फार पंचाईत होते.

हा आजार परदेशातला, असाही एक समज आहे. लुधियानात 2003 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाखामागे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता. 2010 सालच्या देशभरच्या आयबीडीच्या पेशंटांचा एक अंदाज 14 लाखांचा आहे. यातली किती माणसं महाराष्ट्रात आहेत हे माझ्यापेक्षा तुमच्या ओपीडीच्या बाकड्यांना जास्त ठाऊक.

आता मुद्द्याचं. तुमच्या ज्ञानाबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्यातल्याच एकानं माझं आतडं वाचवलं. औषधांबद्दलही फारशी नाही. मी दुकान उघडलं तेव्हा जी औषधं नुसती पुस्तकात होती ती आज कंपन्यांचे एमआर माझ्या टेबलावर मांडतात. अ‍ॅडॅलिमुमॅबचं बायोसिमिलर (मूळ इंजेक्शनसारखंच दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध) तर जगात आधी भारतातच, 2014 साली विकायला आलं. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. तुम्ही आम्हाला तारखेला भेटता आणि आमचं दुखणं तारीख बघून उलटत नाही. दोन तारखांच्या मधे आम्ही कुणाचे, हे ठरलेलंच नाही.

माझंच सांगतो. ऑगस्ट महिना, बाहेर धो धो पाऊस. आधी चार वेळा, मग सात, मग रात्र धरून चौदा वेळा. नुसतं रक्त आणि आव. माझी तारीख नऊ दिवसांनंतरच्या सोमवारची होती. ज्या मोठ्या रुग्णालयात मी दाखवत होतो तिथे फोन केला. ऑपरेटरनं ओपीडीला जोडला, ओपीडीत कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तो म्हणाला, "नंबर लावलाय ना? मग त्या दिवशी या." मी औषधं विकणारा माणूस, आणि तरीही 'त्या दिवशी जाऊ' म्हणत थांबलो. कारण आमच्यासारख्यांना रक्ताची सवय झालेली असते. थोडं रक्त म्हणजे बरा दिवस. कुठलं रक्त सवयीचं आणि कुठलं घातकी, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

सहाव्या दिवशी संडासातच चक्कर येऊन पडलो. गाडी करून नेलं तेव्हा नाडी 118, हिमोग्लोबिन 8.2. रेसिडेंट डॉक्टर, पोरगेलासा मुलगा, रागावून म्हणाला, "इतक्या उशिरा का आलात?" माझी बायको म्हणाली, "तारीख सोमवारची होती." तो गप्प झाला. त्याचा तरी काय दोष.

शिरेतून स्टेरॉइड सुरू केलं. तिसऱ्या दिवशीही उतार नाही म्हटल्यावर सर्जन येऊन बसले आणि मोठं आतडं काढावं लागलं तर पोटावर पिशवी कशी असते हे समजावून गेले. त्याच संध्याकाळी छातीचा फोटो आणि टीबीच्या तपासण्या उरकून इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध लावलं. लाखाच्या घरातला एक डोस, पतसंस्थेच्या कर्जातून. आतडं राहिलं.

नंतर बरं वाटल्यावर वाचत बसलो तेव्हा कळलं की माझ्यासारख्याला कधी दाखल करायचं याचा नियम 1955 सालापासून आहे. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी तो मांडला आणि आजही तुम्ही सगळे तोच वापरता. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि सोबत ताप, किंवा नाडी नव्वदच्या वर, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, किंवा ईएसआर (दाह सांगणारी रक्ताची तपासणी) तीसच्या वर. यातलं एक जरी जोडीला असलं की इस्पितळ गाठायचं. बस, एवढंच. मी त्या नियमात तिसऱ्याच दिवशी बसत होतो. घरात थर्मामीटर होता, नाडी बघायला मनगट होतं, लॅब दुकानाच्या शेजारी होती. नव्हता तो फक्त कागद. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत या दोन ओळी आणि खाली एक फोन नंबर कुणी लिहून दिला असता, तर सर्जन आणि पतसंस्था दोघांची भेट कदाचित टळली असती.

म्हणून पहिलं मागणं हेच. प्रत्येक पेशंटला 'उलटल्यावर काय करायचं' हे त्याच्या भाषेत लिहून द्या. किती वेळा झालं तर औषधाचा एनिमा सुरू करायचा, किती झालं तर फोन, किती झालं तर थेट दाखल. आणि त्या फोनवर माणूस असू द्या. तुम्ही स्वतः नका उचलू. सकाळी नव्वद पेशंट तपासून दुपारी स्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतड्याची तपासणी, करणाऱ्या डॉक्टरनं रात्री माझा फोन घ्यावा ही अपेक्षा अमानुष आहे, हे मी जाणतो. एक नर्स पुरेल. तिला हा आजार शिकवा, तिच्या हातात एक मोबाईल आणि एक वही द्या.

इंग्लंडमध्ये हे पद रीतसर आहे. तिथे 2006 साली देशभरच्या रुग्णालयांचं या आजारापुरतं ऑडिट झालं आणि इस्पितळागणिक सेवेत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. मग निकष ठरले, पुन्हा पुन्हा मोजणी झाली, खास नर्स वाढत गेल्या. आजच्या त्यांच्या निकषात असं लिहिलंय की दुखणं उलटलेल्या पेशंटनं फोन किंवा ईमेल केला तर लगेच पुढच्या कामाच्या दिवसाअखेर त्याला उत्तर मिळालं पाहिजे. तिथेही सगळीकडे हे पाळलं जात असेल असं नाही, पण निदान चुकलं तर चुकलं म्हणता येतं. आपल्याकडे मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आल्यापासून फोनवरून सल्ला द्यायला कायद्याची अडचण उरलेली नाही. फुकट नको, फी लावा. माझं एका खेपेचं एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचं भाडं आणि बुडालेला दिवस धरला तर कुठलीही फी स्वस्तच पडेल.

एसटीवरून आठवलं. आमच्या गावापासून शहरापर्यंतच्या प्रत्येक स्टँडवरचा, पेट्रोल पंपावरचा आणि धाब्यावरचा संडास मला पाठ आहे. कुठे कडी लागत नाही, कुठे पाणी नसतं, कुठला माणूस पाच रुपयांसाठी वाद घालतो. आजार उलटलेला असताना एसटीनं साडेचार तास प्रवास करून या म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिना चढून या म्हणण्यासारखं आहे. आदल्या दिवसापासून मी जेवत नाही. तुमच्यासमोर येतो तेव्हा उपाशी असतो, पोट रिकामं असतं, आणि तुम्ही विचारता, "आज किती वेळा झालं?" मी म्हणतो, एकदा. खरंच असतं ते.

म्हणून नुसतं विचारण्यावर जाऊ नका, मोजा. शौचाच्या नमुन्यातलं कॅल्प्रोटेक्टिन हे आतला दाह सांगतं, स्कोपी न करता. जगभरच्या तज्ज्ञांनी 2015 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये उपचारांचं ध्येय काय असावं ते ठरवलं, आणि 'पेशंटला बरं वाटतंय' एवढ्यावर थांबू नये, आतलं अस्तर भरून आलं पाहिजे, असं म्हटलं. ही तपासणी आमच्या गावच्या लॅबमधून कुरिअरनं बाहेर जाते आणि दोन-अडीच हजारांना पडते. जिल्हा रुग्णालयांत ती मिळाली तर किती स्कोप्या वाचतील याचा हिशेब आरोग्य विभागानं एकदा करून बघावा.

आता त्या बाईंकडे परत येतो, कारण स्टेरॉइडचा विषय मोठा आहे. स्टेरॉइडनं भडका विझतो, पण नंतरचा उतार टिकवायला ते निकामी आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी माझ्या काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्या काय सांगतात ते ऐका. चाळीस मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. खाली 'टेपर', म्हणजे हळूहळू कमी करा, असा एक इंग्रजी शब्द आणि एक तिरकी रेघ. कधी किती कमी करायची, शेवटची गोळी कोणत्या तारखेला, काही नाही. पेशंट मला विचारतो. मी वहीचं पान फाडून आठवड्यांचा तक्ता करून देतो: या सोमवारपासून आठ गोळ्या, पुढच्या सोमवारपासून सात. काही जण बरं वाटलं की एकदम बंद करतात आणि गळून जातात. बरेच जण बंदच करत नाहीत. मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, आणि प्रत्येकाला वेगळा डॉक्टर, वेगळी फाईल. कृपा करून स्टेरॉइडच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहा. 'यापुढे ही गोळी देऊ नये' असं मराठीत ठळक लिहा, म्हणजे माझ्यासारख्या दुकानदाराला नाही म्हणायला आधार मिळेल. आणि वर्षात दुसऱ्यांदा स्टेरॉइड लिहायची वेळ आली तर तो पेशंट पुढच्या औषधाचा झालाय असं समजा. हे माझं मत नव्हे, तुमचीच पुस्तकं म्हणतात.

पुढच्या औषधांचीही गंमत आहे. दोन वर्षांपूर्वी एक आई मुलासाठी वेगळा शाम्पू मागायला आली. "ह्याचे केस पुंजक्यानं गळायला लागलेत, उशीवर नुसती रास." मुलगा कॉलेजातला, टोपी घालून मागे उभा. सहज विचारलं, काही औषध चालू आहे का. तीन आठवड्यांपूर्वी अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं होतं. शाम्पू राहू दिला आणि शेजारच्या लॅबमध्ये पाठवलं. पांढऱ्या पेशी 1,600, म्हणजे धोक्याइतक्या कमी. आपल्याकडच्या काही लोकांत एनयूडीटी15 नावाच्या जनुकात फरक असतो. त्यांना हे औषध साध्या डोसलाही सोसत नाही, केस झडतात आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. म्हणून सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं असतं. चिठ्ठीवर 'सीबीसी', म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिहिलेलं होतं, कधी करायची ते नव्हतं. आईला वाटलं पुढच्या तारखेला जाताना करू. मी डॉक्टरांचा नंबर लावला, लागला नाही. शेवटी औषध थांबवून त्याच गाडीनं शहरात जायला सांगितलं. मुलगा आठ दिवस दाखल होता, वाचला. नवीन औषध सुरू केल्यावर चौथ्या, दहाव्या, विसाव्या दिवशी एक फोन नर्सनं स्वतःहून केला असता तर हे शाम्पूवर अवलंबून राहिलं नसतं.

आणि सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी. यावर बोलायला सगळेच लाजतात, म्हणून मीच बोलतो. गुदद्वारापाशी दाह असेल तर मेसालामाइन या दाह शमवणाऱ्या औषधाची गोळी तोंडानं घेण्यापेक्षा तिथेच ठेवलेलं औषध जास्त काम करतं, आणि दोन्ही मिळून आणखी. पण माझ्या दुकानात गोळ्यांची खोकी भराभर संपतात आणि सपोझिटरीची पेटी बऱ्याचदा मुदत संपून परत जाते. का? कारण ती कशी वापरायची हे कुणी दाखवत नाही. एका आजोबांनी पंधरा दिवस पाण्याबरोबर गिळली होती. हसू नका, वेष्टनावर इंग्रजीत लिहिलं होतं आणि त्यांना 'रात्री एक' एवढंच सांगितलं होतं. आता मी पुरुषांना आतल्या बाजूला नेऊन समजावतो, डाव्या कुशीवर झोपा, गुडघा पोटाशी घ्या, एनिमा असेल तर सावकाश दाबा. बायकांना माझी बायको सांगते. ती दहावी शिकलेली आहे. पाच मिनिटं लागतात.

क्रोन्सवाल्यांची कथा वेगळी आणि जास्त खडतर. आपल्या देशात आतड्याचा टीबी आहे, आणि तो आणि क्रोन्स लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे एकसारखेच दिसतात. स्कोपीत फसवतात, बायॉप्सीत फसवतात. म्हणून आधी टीबीची औषधं देऊन बघायची, हे मला मान्य आहे. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर माणूस जायचा. पण 'देऊन बघायची' यात बघणंही आलं ना? टीबीच्या औषधांची नोंद मला शेड्यूल एच-वनच्या वहीत ठेवावी लागते. 2014 पासून तसा नियम आहे. नाव, डॉक्टर, औषध, किती. एकदा वही चाळताना शेजारच्या गावच्या एका मुलाचं नाव दोनदा दिसलं. आधी एका डॉक्टरकडून नऊ महिने, मग वर्षानं दुसऱ्याकडून पुन्हा सुरू. मधे कुणी स्कोपी करून जखमा भरल्यात का ते पाहिलंच नव्हतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलंय की क्रोन्स असताना टीबीच्या उपचारात वेळ गेला तर आतडं आकसण्याचा धोका वाढतो. त्या मुलाचं आतडं आकसलं, बंद पडलं, फूटभर कापावं लागलं. दोन महिन्यांनी काही फरक पडला का हे बघायची तारीख त्याच पहिल्या चिठ्ठीवर लिहिली गेली पाहिजे.

आता थोडं सरकारला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे, त्याबद्दल आभारच. पण योजनेची रचना दाखल होण्याभोवती आहे. मी आतडं कापायला झोपलो तर सरकार खर्च करतं; आतडं कापावं लागू नये म्हणून रोज गोळ्या खाल्ल्या तर माझा खिसा. माझ्या गोळ्यांना महिन्याला साडेतीन हजार लागतात, आणि मी स्वतः दुकानदार असून. रोजंदारीवर जाणारी माणसं काय करतात ते मी बघतो: पंधरा दिवसांच्या घेतात आणि एक दिवसाआड खाऊन महिना काढतात. मग उलटतं. मग योजना. जिल्हा रुग्णालयात बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात तशा मेसालामाइन, सल्फासॅलाझिन आणि अ‍ॅझाथायोप्रिन वर्षभर अखंड मिळाल्या, तरी फार मोठं काम होईल. 'अखंड' हा शब्द मुद्दाम लिहिलाय.

जपानात हे दोन्ही आजार 'नान्ब्यो' म्हणजे दुर्धर आजारांच्या सरकारी यादीत आहेत आणि त्यांच्या उपचारांना सरकारी मदत मिळते. त्यांचे पंतप्रधान शिंझो आबे यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता; 2020 साली दुखणं उलटल्यावर त्यांनी पत्रकार परिषदेत आजाराचं नाव घेऊन पद सोडलं. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात हा नाही. मला प्रमाणपत्र नको आहे. पण परीक्षेच्या हॉलमध्ये मुलीला तीनदा बाहेर सोडावं, कंडक्टरनं गाडी थांबवावी, यासाठी दाखवायला एखादं अधिकृत कार्ड असावं, एवढं तरी सरकारला जमण्यासारखं आहे.

नाव घेण्यावरून एक सांगायचं राहिलं. माझ्याकडे एक नवविवाहित मुलगी येते. ती गोळ्यांची पट्टी कापून व्हिटॅमिनच्या डबीत भरून मागते. सासरी कळलेलं नाही. आता दिवस राहिलेत, आणि कुणीतरी सांगितलंय की गरोदरपणात सगळ्या गोळ्या बंद. ती बंद करायला निघाली होती. मेसालामाइनपेक्षा उलटलेला आजारच बाळाला जास्त बाधतो, हे तिला सांगण्याची जबाबदारी औषधाच्या दुकानावर का यावी? उलट मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या एकीला ते मूल व्हायच्या आधी थांबवायचं असतं हेही काउंटरवरच कळलं. लग्नाच्या वयाच्या प्रत्येक पेशंटला, मुलगा असो वा मुलगी, एकदा दार लावून दहा मिनिटं द्या. नवऱ्याला बोलवा, सासूलाही बोलवा. तुमच्या तोंडून आलेलं घरात ऐकलं जातं.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कुठून आणायचं, माणसं नाहीत. खरंय. पण अमेरिकेत लहान मुलांच्या या आजारावर काम करणाऱ्या केंद्रांनी 2007 पासून एकत्र येऊन एक साधी गोष्ट केली. प्रत्येक भेटीची माहिती एकाच पद्धतीनं नोंदवायची, दर महिन्याला आपले आकडे एकमेकांसमोर ठेवायचे, कोण मागे पडतंय ते बघायचं, ओपीडीच्या आदल्या दिवशी उद्याच्या पेशंटांची यादी काढून कुणाची कोणती तपासणी राहिली ते तपासायचं. नवं औषध हाती नसतानाही उतार पडलेल्या मुलांचं प्रमाण वाढलं. यात यंत्र काहीच नाही. आपल्या मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगरच्या केंद्रांनी वर्षातून एकदा चार आकडे जाहीर केले तरी चालेल: तुमच्या पेशंटांपैकी किती जण स्टेरॉइडशिवाय बरे आहेत, किती जणांना वर्षात दोनदा स्टेरॉइड द्यावं लागलं, उलटल्यापासून तुमच्यापर्यंत पोचायला किती दिवस लागले, आणि आठ वर्षं उलटलेल्यांपैकी किती जणांची कर्करोगासाठीची स्कोपी झाली. शेवटच्याबद्दल तर कित्येकांना ती करायची असते हेच माहीत नाही. दरवर्षी 19 मे हा या आजाराचा जागतिक दिवस असतो. जांभळ्या फिती लावण्यापेक्षा त्या दिवशी हे आकडे लावा.

त्या बाईंचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. मी गोळ्या दिल्या नाहीत. रागावल्या. मग मी माझ्या डॉक्टरांच्या असिस्टंटला व्हॉट्सअ‍ॅप केला. ओळख होती म्हणून केला, बाईंची असती तर त्यांनी केला असता. चाळीस मिनिटांत उत्तर आलं: अमुक तपासण्या करून गुरुवारी पाठवा, मधल्या काळात रात्रीचा एनिमा. तो माझ्या कपाटात होता, मुदत संपायला दोन महिने असलेला. माझ्या बायकोनं त्यांना आत नेऊन समजावलं. गुरुवारी त्या गेल्या.

माझी स्वतःची पुढची तारीख आषाढात आहे. येताना केसपेपर आणीनच. त्याच्या मागची बाजू कोरी आहे.

आपला,
एका तालुक्याच्या गावचा औषध दुकानदार

ता. क. पेन किलरबद्दल लिहायचं राहिलं. डायक्लोफिनॅकनं आमचं आतडं पेटू शकतं. चिकुनगुनियाच्या साथीत माझ्या ओळखीच्या तीन जणांचं दुखणं उलटलं, तिघांनीही सांध्यांसाठी ती गोळी घेतली होती. चिठ्ठीवर जागा उरली तर तेही लिहा.